नऊ तरणतलाव आणि पंचविसावे कलम

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी हे दोन्ही विषय शिकवते. मागच्या सत्रात सातवीला मराठी निबंध दिला होता : ‘माझ्या स्वप्नातील घर’. दरवर्षी येतात तशीच घरं आली. कुणाच्या घराला गच्ची, कुणाच्या अंगणात आंब्याचं झाड, एकाला अम्मीसाठी मोठा ओटा हवा होता. एका मुलीने मात्र वहीत वर्तमानपत्रातली जाहिरात कापून चिकटवली होती. हिरवळ, सायकल चालवणारी मुलं, क्लबहाऊस आणि निळाशार तरणतलाव. खाली तिने लिहिलं होतं, ‘माझ्या घराच्या खाली स्विमिंग पुल असेल आणि त्यात सगळे पोहतील.’ मी लाल पेनाने ‘पुल’चा ‘पूल’ केला. मग थांबले. मराठीत पूल म्हणजे ब्रिज, हे तिला कसं सांगावं या विचारात होते, तेवढ्यात लक्ष त्या दुसऱ्या शब्दाकडे गेलं. सगळे.

जाहिरातीतल्या त्या गृहसंकुलात मी स्वतः जाऊन आले होते. पाच वर्षं होऊन गेली. त्या गोष्टीकडे नंतर येते. आधी अशा वसाहतींचा इतिहास सांगायचा आहे, कारण ती मुलगी ज्या चित्रावर भाळली ते चित्र कल्याणच्या पुढच्या माळरानावर जन्मलेलं नाही. सारखी घरं, वळणदार रस्ते, मधोमध मैदान, चालत जाण्याच्या अंतरावर दुकानं आणि तरणतलाव हा साचा बऱ्याच अंशी घडला अमेरिकेत, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, बटाट्याच्या शेतात.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकेत घरांची भयंकर टंचाई होती. महामंदीची वर्षं आणि मग युद्ध, म्हणजे जवळपास पंधरा वर्षं बांधकाम थंडावलेलं. त्यात युद्धात भाग घेतलेले सुमारे एक कोटी साठ लाख लोक हळूहळू नागरी आयुष्यात परतलेले. त्यांची लग्नं होत होती, मुलं होत होती, आणि जोडपी आईबापांच्या घरात एखाद्या खोलीत दिवस काढत होती. सरकारने १९४४ साली सैनिकांसाठी कायदा केला. त्यात शिक्षणाचा खर्च होता आणि घरासाठी कर्जाची हमीही होती. घर बांधणाऱ्याला हवं ते सगळं आलं : गिऱ्हाईक, पैसा आणि सरकारची हमी. घरं तेवढी नव्हती.

ती बांधली लेव्हिट नावाच्या बाप-लेकांनी. अब्राहम लेव्हिट हे वडील, ज्यू स्थलांतरितांचे चिरंजीव, पेशाने वकील, मनाने माळी. थोरला मुलगा विल्यम धंदा बघायचा, धाकटा आल्फ्रेड नकाशे काढायचा. युद्धाच्या काळात त्यांनी व्हर्जिनियातल्या नॉरफोकमध्ये नौदलाच्या कामगारांसाठी घरं बांधली होती. झटपट आणि ठोकभावाने घर कसं बांधायचं, हे ते तिथे शिकले. १९४७च्या मे महिन्यात त्यांनी नॅसॉ काउंटीतल्या हेम्पस्टेड परिसरात दोन हजार भाड्याच्या घरांची घोषणा केली. त्या भागातल्या बटाट्याला मुळांची कीड लागलेली होती, त्यामुळे शेतकरी जमीन विकायला तयार होते. १ ऑक्टोबर १९४७ रोजी पहिली कुटुंबं राहायला आली. १९५१पर्यंत तिथे १७,४४७ घरं उभी राहिली आणि गावाला बांधणाऱ्याचंच नाव मिळालं : लेव्हिटटाउन.

हे जमलं कसं? मोटारीच्या कारखान्यात गाडी पुढे सरकते आणि कामगार जागेवर उभा असतो. लेव्हिटने याच्या उलट केलं. घर जागेवर आणि कामगारांच्या टोळ्या फिरत्या. सगळं काम सव्वीस-सत्तावीस टप्प्यांत वाटून टाकलेलं. एक टोळी फक्त काँक्रीटची लादी ओतायची, एक फक्त फरशी बसवायची. रंगाऱ्यांतही पांढऱ्या रंगाची टोळी वेगळी आणि लाल रंगाची वेगळी. तळघर काढूनच टाकलं, त्यासाठी स्थानिक नियम बदलून घेतला. लाकूड आधीच कापून यायचं आणि खिळेसुद्धा स्वतःचे. १९४८च्या उन्हाळ्यात दिवसाला तीस घरं पुरी होत होती. साडेसातशे चौरस फुटांचं घर, वर पुढे वाढवता येईल असा अर्धवट माळा आणि साठ बाय शंभर फुटांचा प्लॉट. भाडं महिन्याला साठ डॉलर. १९४९मध्ये नवं मॉडेल ७,९९० डॉलरला विक्रीला काढलं, तेव्हा लोक आदल्या दिवसांपासून रांगेत उभे होते आणि एका दिवसात चौदाशे करार झाले म्हणतात. स्वयंपाकघरात धुलाईयंत्र दिलेलं असायचं. १९५०च्या मॉडेलमध्ये तर जिन्याखालच्या भिंतीत टीव्ही बसवलेला होता.

या लोकांविषयी आदर वाटावा अशीच ही गोष्ट आहे, आणि मला तो वाटतो. ज्याच्या बापाने आयुष्य भाड्याच्या खोलीत काढलं, त्या गिरणी कामगाराच्या किंवा ट्रकचालकाच्या मुलाला तिशीच्या आत स्वतःचं घर आणि स्वतःची हिरवळ मिळाली. माझे अब्बा रेल्वेत होते. निवृत्तीपर्यंत आम्ही क्वार्टरमध्ये राहिलो. ‘अपना घर’ हा शब्द उच्चारताना त्यांचा आवाज कसा बदलायचा ते मला आठवतं. म्हणून लेव्हिटटाउनला एकसुरी म्हणून हिणवणाऱ्या विद्वानांचं मला फारसं पटत नाही. त्यांना बहुधा राहायला घर होतं.

आता त्या मुलीच्या निबंधाच्या विषयाकडे वळते, म्हणजे घराबाहेरच्या जागेकडे. लेव्हिट नुसती घरं विकत नव्हते. वस्तीत ठिकठिकाणी त्यांनी ‘व्हिलेज ग्रीन’ नावाची केंद्रं ठेवली. चार-पाच दुकानं, शेजारी मुलांचं मैदान, आणि पोहायचा तलाव. असे एकूण नऊ तलाव लाँग आयलंडच्या लेव्हिटटाउनमध्ये होते. बेसबॉलची मैदानं होती, सभागृह होतं. रस्ते मुद्दाम वळणाचे आखले, म्हणजे गाड्या भरधाव जाणार नाहीत. त्यांना स्ट्रीट न म्हणता लेन म्हणायचं, कारण स्ट्रीट शहरात असतात. अब्राहम लेव्हिटने घरोघरी फळझाडं लावून दिली आणि बागेची निगा कशी राखावी यावर लेख लिहिले. नियमही होते. हिरवळ दर आठवड्याला कापायची, न कापल्यास कंपनी कापून घेणार आणि बिल पाठवणार. कुंपण घालायचं नाही. कपडे वाळत घालायचे ते फिरत्या दांडीवर, तेही शनिवार-रविवार सोडून. आपल्या सोसायट्यांमधल्या बाल्कनीत चादर न वाळवण्याच्या नियमाचे हे पूर्वज म्हणायला हरकत नाही.

मोठ्या शहरातून आलेल्या मुलांना ते तलाव म्हणजे काय वाटले असतील याची कल्पना करा. न्यूयॉर्कच्या उन्हाळ्यात गल्लीतला आगीचा नळ उघडून त्याखाली भिजणारी ही मुलं. इथे स्वतःच्या घरापासून अनवाणी चालत जाऊन पाण्यात उडी. आया काठावर बसलेल्या, एकमेकींच्या ओळखी होताहेत. नव्या गावात ना देवळाची ओळख, ना चर्चची, ना गल्लीची. सगळे परके. तिथे ओळखी झाल्या त्या मैदानावर आणि तलावाच्या काठी. वस्ती म्हणजे काय, हे लेव्हिटला बरोबर कळलं होतं. माणसं भिंतींमुळे शेजारी होत नाहीत, मोकळ्या वेळात एकत्र येतात म्हणून होतात.

आणि म्हणूनच त्यांच्या भाडेकरारात पंचविसावं कलम होतं.

ठळक अक्षरांत छापलेल्या या कलमाचा मतलब असा : गोऱ्या वंशाखेरीज अन्य कोणालाही या घरात राहू देणार नाही वा वापरू देणार नाही, असं भाडेकरू कबूल करतो. पुढे एक सवलत होती. घरकामाला बिगरगोरा नोकर ठेवायला मुभा आहे. म्हणजे काळी बाई भांडी घासायला येऊ शकते, राहायला नाही. वाचकहो, हे वाक्य वाचून तुम्हाला जी आठवण येईल ती मलाही आली. आपल्याकडे त्यासाठी कलम लिहावं लागत नाही, दुसरी लिफ्ट पुरते.

हे सगळं एकट्या लेव्हिटचं पाप होतं असं नाही. घरकर्जांना विमा देणारी संघीय गृहनिर्माण संस्था १९३४पासून काम करत होती आणि तिच्या मार्गदर्शक पुस्तिकेतच वस्ती एकजिनसी असावी, मिश्र वस्तीत मालमत्तेची किंमत पडते, असं सांगितलेलं होतं. सरकारी हमी हवी तर काळ्यांना दूर ठेवा, हा सरळ व्यवहार. युजीन बर्नेट नावाचा काळा माजी सैनिक नवं घर बघायला लेव्हिटटाउनला गेला होता. नमुन्याचं घर त्याला आवडलं. त्याने अर्ज मागितला, तर विक्रेता म्हणाला की माझं काही नाही, पण मालकांनी अजून तुमच्या लोकांना विकायचं ठरवलेलं नाही. बर्नेटने ही गोष्ट म्हातारपणापर्यंत मुलाखतींमधून सांगितली. त्याला सर्वांत जास्त लागलं होतं ते विक्रेत्याचं सौजन्य, असं मला त्या मुलाखती वाचताना वाटत राहिलं.

१९४८च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात सांगितलं की अशी वांशिक बंधनं न्यायालयं अमलात आणू शकत नाहीत. लेव्हिटने कलम छापायचं बंद केलं. व्यवहार चालूच ठेवला. त्यानंतरची एक घटना तर थेट मुलांच्या खेळाशी निगडित आहे. १९५०च्या सुमारास दोन गोऱ्या भाडेकरू कुटुंबांच्या घरी काळी मुलं खेळायला आली होती. कंपनीने त्या दोन्ही कुटुंबांचे भाडेकरार पुढे चालू ठेवायला नकार दिला. राहायला नव्हे, फक्त खेळायला आलेली मुलं.

विल्यम लेव्हिटचं म्हणणं असं की, आम्ही घरांचा प्रश्न सोडवू शकतो किंवा वंशाचा, दोन्ही एकदम नाही. तो म्हणे, मी ज्यू आहे, माझ्या मनात भेदभावाला जागा नाही, पण एका काळ्या कुटुंबाला घर दिलं तर नव्वद-पंचाण्णव टक्के गोरे येणारच नाहीत. वाक्य ओळखीचं आहे ना? ‘आमचं काही नाही हो, बाकीचे मेंबर.’ या वाक्याला जगात कुठेही पासपोर्ट लागत नाही. गंमत म्हणजे लेव्हिटनी मॅनहॅसेटमध्ये आधी बांधलेल्या एका उच्चभ्रू वसाहतीत ज्यूंनाही घरं विकली जात नसत. ज्याला स्वतःला दाराबाहेर ठेवलं जातं, तो किल्ली हातात आली की दार उघडेलच असं नाही. हे मी आपल्याबद्दलही म्हणतेय. आपल्याकडे जमातीच्या कॉलन्या आहेत, तिथे फॉर्मवर आडनाव पाहिलं जातं. मुसलमान असून चालत नाही, कुठला मुसलमान तेही लागतं.

लेव्हिटचं दुसरं गाव पेनसिल्व्हेनियातल्या बक्स काउंटीत, नव्या पोलाद कारखान्याच्या जवळ १९५२मध्ये वसायला लागलं. १७,३११ घरं. इथे नियोजन आणखी पक्कं होतं. गावाचे विभाग पाडलेले, प्रत्येक विभागातल्या रस्त्यांची नावं विभागाच्याच आद्याक्षराने सुरू होणारी. शाळांसाठी जागा राखलेल्या. ऑलिंपिक मापाचे पाच तलाव होते आणि ते चालवायला रहिवाशांची करमणूक संस्था होती. इथेही सगळे गोरे.

१९५७च्या ऑगस्टमध्ये बिल आणि डेझी मायर्स यांनी डॉगवुड हॉलो विभागातल्या डीपग्रीन लेनवरचं घर विकत घेतलं. बिल युद्धात सैनिक होता. डेझी शिकलेली, पेशाने शिक्षिका, पदरात तीन मुलं. शेजारच्या वेक्सलर या ज्यू दांपत्याने आणि क्वेकर मंडळींनी मदत केली होती. पहिल्याच दिवशी टपाल टाकायला आलेल्या माणसाने कोण राहायला आलंय हे पाहिलं आणि गल्लीभर ओरडत सुटला. संध्याकाळी शेकडो लोक जमले. दगड आले, खिडक्या फुटल्या. पुढचे काही आठवडे रोज रात्री जमाव. मागच्या बाजूला एक रिकामं घर होतं. त्यात टोळकं बसायचं, रात्री मोठ्याने गाणी लावायचं, दक्षिणेतल्या बंडखोर राज्यांचा झेंडा फडकवायचं. वेक्सलरच्या भिंतीवर क्लू क्लक्स क्लॅनची अक्षरं रंगवली, क्रॉस जाळले गेले. स्थानिक पोलीस पुरे पडेनात म्हणून गव्हर्नर जॉर्ज लीडरने राज्याचे पोलीस पाठवले. अखेर सरकारी वकिलाने कोर्टात जाऊन त्रास देणाऱ्यांविरुद्ध मनाई हुकूम मिळवला, तेव्हा कुठे ते थांबलं.

डेझी मायर्स माझ्या मनात घर करून राहिली, कारण ती शिक्षिका होती. जमाव बाहेर असताना सकाळी उठून मुलांचे कपडे इस्त्री करणारी बाई मला दिसते. जमावातल्या कितीतरी जणी तिच्यासारख्याच होत्या. तरुण, लहान मुलं कडेवर, वीस-तीस वर्षांचं कर्ज डोक्यावर. त्यांना भीती होती ती घराची किंमत पडण्याची, पण तेवढीच नसावी. शेजार म्हणजे मैदान, तलाव, वाढदिवस. पोलाद कारखान्यात काळ्या माणसाबरोबर पाळीत काम करणाऱ्याला त्याच माणसाची मुलं आपल्या मुलांबरोबर पाण्यात नको होती.

पाणी हा अमेरिकेतला फार जुना दुखरा भाग आहे. सार्वजनिक तलावांवरून तिथे दंगली झालेल्या आहेत. १९४९च्या जूनमध्ये सेंट लुइस शहराने फेअरग्राउंड पार्कचा तलाव काळ्या मुलांना खुला केला, आणि पहिल्याच दिवशी त्या मुलांवर हल्ले झाले. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात पाच तलाव होते, चार गोऱ्यांना आणि एक काळ्यांना. कोर्टाने भेदभाव करू नका म्हटल्यावर नगर परिषदेने सगळ्यांना खुले करण्याऐवजी तलाव बंदच करून टाकले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७१मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला की बंद करणं घटनाबाह्य नाही, बंद तर सगळ्यांनाच आहेत! शेजाऱ्याला पाणी मिळू नये म्हणून स्वतः तहानलेलं राहायचं.

इथे मला महाड आठवल्याशिवाय राहत नाही. तुम्ही म्हणाल कुठे पोहण्याचा तलाव आणि कुठे चवदार तळं. फरक आहेच. तिथे प्रश्न पिण्याच्या पाण्याचा होता, माणूस म्हणून जगण्याचा होता, करमणुकीचा नव्हता. पण युक्तिवाद पाहा. १९२३मध्ये मुंबईच्या विधिमंडळात सी. के. बोले यांनी सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. महाड नगरपालिकेने तळं खुलं केलं ते कागदावर. २० मार्च १९२७ला बाबासाहेब आंबेडकर हजारोंसह तिथे गेले आणि पाणी प्यायले. नंतर त्या लोकांवर हल्ला झाला, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, नगरपालिकेने ठराव मागे घेतला. आणि मग सवर्ण मंडळी कोर्टात गेली ती काय म्हणत? हे तळं सार्वजनिक नाहीच, खाजगी आहे. डिसेंबरमधली परिषद भरवायला महाडमध्ये जागा मिळेना तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली, हे आपल्या मुलांना शाळेत कुणी सांगत नाही म्हणून इथे सांगून ठेवते. खटला दहा वर्षं चालला, १९३७मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला.

खाजगी. अमेरिकेतही १९५०नंतर हाच शब्द कामाला आला. सार्वजनिक तलावांचे दरवाजे न्यायालयं उघडू लागली, तसे उपनगरांत सभासदत्वाचे ‘खाजगी’ तलाव निघाले. वस्तीत घर घ्या, शेअर घ्या आणि पोहा. ज्याला नको त्याला सभासदत्व द्यायचं नाही. आम्ही काही सरकार नाही, आम्ही क्लब आहोत.

या युक्तिवादाला उत्तर मिळालं ते एका घरमालकामुळे. व्हर्जिनियात फेअरफॅक्स काउंटीत लिटल हंटिंग पार्क नावाची संस्था परिसरातल्या रहिवाशांसाठी उद्यान, मैदान आणि तलाव चालवत असे. पॉल सलिव्हन या गोऱ्या सभासदाने आपलं घर फ्रीमन नावाच्या काळ्या भाडेकरूला दिलं आणि घराबरोबर करमणुकीचा शेअरही त्याच्या नावे केला. संचालक मंडळाने फ्रीमनला नाकारलं. सलिव्हनने विरोध केला तर त्यालाच काढून टाकलं. १९६९च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा क्लब नाही. परिसरात राहणारा कोणीही गोरा माणूस जिथे येऊ शकतो आणि फक्त काळ्याला अडवलं जातं, ती निवडक मित्रांची मंडळी होऊ शकत नाही. तलावाचा हक्क घराच्या हक्काचाच भाग आहे. आधार घेतला तो १८६६च्या, गुलामगिरी संपल्यानंतरच्या कायद्याचा. १९७३मध्ये मेरिलँडमधल्या व्हीटन-हेवन तलावाच्या खटल्यातही एकमताने तेच सांगितलं गेलं. तिथे एका काळ्या डॉक्टरांनी परिसरात घर घेतलं होतं आणि त्यांना सभासदत्वाचा साधा अर्जही दिला गेला नव्हता.

मला या निकालांत आवडतो तो घर आणि खेळ यांना जोडणारा धागा. घर दिलं पण मैदान दिलं नाही, तर घर अर्धंच दिलं.

त्याच मेरिलँड राज्यात एक निराळा प्रयोगही झाला. जेम्स राऊस नावाच्या बिल्डरने बाल्टिमोर आणि वॉशिंग्टन यांच्या मध्ये चौदा हजारांवर एकर जमीन गाजावाजा न करता गोळा केली आणि १९६७मध्ये कोलंबिया हे शहर सुरू केलं. सुरुवातीपासूनच त्याने सांगून टाकलं की इथे घर कोणालाही मिळेल. शहर गावांमध्ये आणि गावं मोहल्ल्यांमध्ये विभागलेली, कृत्रिम तळी, झाडांतून जाणाऱ्या पायवाटा, मोहल्ल्याच्या मध्यात शाळा आणि तलाव. असे आज तेवीस उघडे तलाव तिथे आहेत. आणखी एक गोष्ट मला विलक्षण वाटते : धर्मस्थळांसाठी त्याने एकाच छपराखाली अनेक पंथांनी वापरायची सामाईक केंद्रं काढली. पहिलं १९७०मध्ये उघडलं. स्वर्ग नव्हता तो. तलावाला वर्गणी होती, अजून आहे, आणि गरिबाला तिथे राहणं सोपं नाही. पण बहुसंख्य लोक येणारच नाहीत हे लेव्हिटचं गणित राऊसने चुकीचं ठरवून दाखवलं. लोक आले. नफा-तोटा सांभाळणारा बिल्डरच होता तोसुद्धा. कोलंबियाची पहिली घरं विकली जात असतानाच, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, एप्रिल १९६८मध्ये, घरांच्या व्यवहारात भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा देशभर लागू झाला. लेव्हिटचं न्यू जर्सीतलं तिसरं गावही तोवर न्यायालयाच्या दट्ट्याने खुलं झालेलं होतं. त्या गावाने पुढे लेव्हिटचं नावही टाकून दिलं आणि आपलं जुनं विलिंगबोरो हे नाव परत घेतलं. आज तिथे काळ्यांचीच संख्या जास्त आहे.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकानं, हॉटेलं, सार्वजनिक करमणुकीची ठिकाणं, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा नावानिशी उल्लेख आहे. महाडची सावली त्या शब्दांवर पडलेली दिसते. पण तलाव सरकारी पैशाचा किंवा लोकांसाठी वाहिलेला हवा. सोसायटीच्या आतला तलाव? २००५मध्ये अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की सभासदत्व पारशांपुरतंच ठेवणारा उपनियम वैध आहे, कारण सहकारी संस्थेवर मूलभूत हक्कांचं बंधन तसं लागू होत नाही. मला पारशांची बाजू समजते. मूठभर समाज, आपलं एकत्र राहणं टिकवू पाहतोय. पण मूठभरांच्या भीतीसाठी उघडलेल्या त्या खिडकीतून ज्यांना कसलीच भीती नाही तेही आत येतात.

आता माझी गोष्ट. फार मोठी नाही. मी आणि माझे पती रविवारी ते संकुल बघायला गेलो होतो. विक्री विभागातला मुलगा अतिशय गोड. नमुन्याचा फ्लॅट दाखवला, बॅटरीच्या गाडीतून फिरवलं, तलावाच्या काठावर नेलं. मी साडीत होते, हे शर्ट-पँटमध्ये, बोलणं सगळं मराठीत. मुलगा म्हणाला, ‘मॅडम, तुमचं मराठी किती शुद्ध आहे!’ मी खूश. मग फॉर्म भरायला बसलो. नाव लिहिलं. तो आत गेला, दहा मिनिटांनी आला आणि म्हणाला की दोन बेडरूमचे सगळे बुक झालेत, सिस्टीम आत्ताच अपडेट झाली. चहा मात्र पाजला. पुढच्या आठवड्यात माझ्या एका मैत्रिणीला, तीही मराठीचीच शिक्षिका, त्याच मजल्यावरचे दोन फ्लॅट दाखवण्यात आले. तिने मला फोन केला तेव्हा मला तिचीच समजूत काढावी लागली, इतकी ती रडत होती.

नंतर आम्ही जिथे घर घेतलं तिथे तलाव नाही. खाली एक मोकळी जागा आहे. त्यात संध्याकाळी मुलं क्रिकेट खेळतात आणि काचा फोडतात.

मायर्स कुटुंबाने लेव्हिटटाउनमध्ये चार वर्षं काढली आणि १९६१मध्ये यॉर्कला गेलं. डेझी शिकवत राहिली, पुढे मुख्याध्यापिका झाली. १९९९च्या डिसेंबरमध्ये ब्रिस्टॉल टाउनशिपच्या महापौरांनी तिला बोलावून जाहीर माफी मागितली. बिल तोवर हयात नव्हता. टाउनशिपच्या आवारातल्या झाडाला तिचं नाव दिलं गेलं. २०११मध्ये ती वारली.

त्या मुलीची वही अजून माझ्याकडे होती. ‘पूल’खाली मी ‘तरणतलाव’ लिहिलं आणि कंसात उर्दूत ‘हौज’, म्हणजे तिला लगेच कळेल. मशिदीतला वजूचा हौज तिने पाहिलेला असणार. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, ‘मॅडम, उस हौज में तो सब बैठते हैं ना, पोहायला नाही ना चालत?’ अर्धं उर्दू, अर्धं मराठी. मी हसले. ‘सगळे’ या शब्दाला लाल पेन लावला नाही. दहापैकी आठ दिले, दोन र्‍हस्व-दीर्घाचे कापले.